पातेल्यातली खरवड : बीटल्सच्या ‘अँथॉलॉजी’त तुम्ही कुठे थांबता?

पेन्सिलसेल (धागाकर्ता), शुक्रवार, रात्री ११:१०

२०२५ च्या नोव्हेंबरात ‘अँथॉलॉजी’चा चौथा भाग आला तेव्हापासून हा धागा काढायचा होता. चौथ्यावरून भांडायचं तर खाली भांडू. मला बोलायचंय ते मूळच्या तिघांबद्दल, १९९५-९६ सालच्या.

नव्यांसाठी थोडक्यात. बीटल्स म्हणजे जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि ड्रमवर रिंगो स्टार, साठच्या दशकातला लिव्हरपूलचा बँड. स्टुडिओत एकेक गाणं पुन्हा पुन्हा वाजवतात. एक टेक पास होतो, बाकीचे फितीवर तसेच पडून राहतात. शिवाय घरच्या टेपवर गुणगुणून ठेवलेले डेमो असतात आणि ऐनवेळी अल्बममधून गळालेली अख्खी गाणी असतात. बीटल्सचा हा सगळा ऐवज पंचवीस-तीस वर्षं कपाटात होता. कपाटात म्हणायचं, पण गळत होता. चोरट्या रेकॉर्डी आणि सीड्या निघतच होत्या. १९८५ मध्ये रेकॉर्ड कंपनीने त्यातून ‘सेशन्स’ नावाचा अल्बम जवळपास तयार केला, तो बीटल्सवाल्यांनीच अडवला. दहा वर्षांनी त्यांनी आपल्या हाताने कपाट उघडलं. तीन भाग, प्रत्येकी दोन सीड्या.

आमच्याकडे सीडी कुठली! हॉस्टेलवर रूममेटने पहिल्या भागाची कॅसेट पैदा केली होती आणि वॉकमन दोघांत एक. पेन्सिल सेल उतरायला लागले की अख्खं गाणं अर्धा सूर खाली सरकायचं आणि जॉन लेनन पेंगुळल्यासारखा गायचा. ‘आयल बी बॅक’चे दोन टेक त्यात एकापाठोपाठ एक आहेत. त्यातला पहिला विचित्र वाजतोय तो आमच्या सेलमुळे, असं मी कित्येक महिने धरून चाललो होतो. एकदा नवे सेल घालून ऐकला. तरी तो तसाच डुलत चालला, मधल्या ओळींत अडखळला आणि कोसळला. गायला फार जड जातंय, असं लेनन सांगतो. लगेच पुढचा टेक. आणि तो सरळ, आपल्या ओळखीचा.

त्या दोन टेकच्या मधल्या फटीत मी तीस वर्षं थांबतोय. रेकॉर्डवरचं गाणं ऐकताना वाटतं की हे असंच जन्माला आलं असणार. इथे कळतं की ते एक टेक आधीपर्यंत वेगळं होतं.

तुमची जागा कुठली?

तबलजी_ठाणे, शुक्रवार, रात्री ११:४२

पेन्सिलसेल, तुमचा वॉकमन निर्दोष सुटला. तो टेक दादऱ्यात आहे हो, सहा मात्रांच्या! धा धि ना, धा ती ना. लावून बघा, चपखल बसतो. पुढच्या टेकमध्ये त्यांनी आठ मात्रांचा केरवा धरलाय. चाल तीच, शब्द तेच, फक्त अंगण बदललं.

अडतंय कुठे ते ऐका. मुखडा सहा मात्रांत मस्त झुलतो. मधल्या भागात मात्र ओळ लांबते आणि श्वास घ्यायला जागाच उरत नाही. आमच्या भजनी मंडळात हे दर गुरुवारी होतं. बुवा नवी चाल लावतात, दुसऱ्या चरणाला जीभ अडकते, मग पखवाजवाल्याकडे बघून नुसती मान हलवतात आणि ठेका बदलतो. कोणी काही बोलत नाही. आमच्या बुवांची ती मान कोणी टिपून ठेवलेली नाही. लेननची १ जून १९६४ ची ठेवलीय.

नुसता_श्रोता, शनिवार, सकाळी ७:०५

मी उलट बाजूने बोलतो, राग मानू नये.

खरवड गोड लागते, मान्य. पण पातेलं ओट्यावर असताना, उभ्याउभ्या, चमच्याने. कोणी ती डब्यांत भरून, लेबल लावून तीन हप्त्यांत विकायला काढली तर त्याला धंदा म्हणतात. ज्यांनी ‘हा टेक नको’ म्हणून बाजूला ठेवला त्यांच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही? जॉर्ज हॅरिसनचं ‘नॉट गिल्टी’ १९६८ मध्ये शंभराहून जास्त वेळा वाजवलं आणि तरीही अल्बममध्ये घेतलं नाही. शंभरदा वाजवून नाकारलेलं गाणं मी का ऐकू?

अनुस्वार, शनिवार, सकाळी ९:२०

‘उभ्याउभ्या, चमच्याने’ याला +१. बाकीच्याला नाही.

मावशी_मिलपिटास, शनिवार, सकाळी ९:५१

अहो नुसता_श्रोता, ते नाकारलं बँडने. जॉर्जने नव्हे! त्याने ते गाणं अकरा वर्षं सांभाळलं आणि १९७९ मध्ये स्वतःच्या अल्बममध्ये घेतलं. घरातल्या धाकट्याचं असंच असतं. थोरले दोघं, जॉन आणि पॉल, बोलत बसतात, याचं ताट वाढायचं राहून जातं.

माझी जागा दुसऱ्या भागात आहे. ‘अँड युअर बर्ड कॅन सिंग’, एप्रिल १९६६. जॉन आणि पॉल आवाजावर आवाज चढवायला उभे आहेत आणि दोघांना हसू आवरत नाही. कशावरून ते कळत नाही. एक सावरतो तोवर दुसरा फुटतो. मी इथे ८८० हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकले की हेच लावते. शेजारच्या गाडीतली माणसं बघतात, बघू देत.

आणि ‘यस्टरडे’चा पहिला टेक. सुरू होण्याआधी पॉल जॉर्जला कॉर्ड समजावून सांगतोय, आणि गंमत म्हणजे शेवटी त्या रेकॉर्डवर जॉर्ज वाजवतच नाही. त्याच दिवशी, १४ जून १९६५ ला, पॉलने ‘आयम डाउन’ घसा फाडून गायलंय. तोही पहिला टेक याच संचात आहे. एकाच घशातून एका दिवसात. तेव्हा त्याला तेवीस पूर्ण व्हायला चार दिवस होते.

खरखर, शनिवार, दुपारी १:३०

भांडणात थोडं तेल ओततो.

तुम्ही ‘कच्चं’ म्हणून जे ऐकताय ते बरंचसं फोडणी देऊन वाढलेलं आहे. मी साउंडचं काम करतो, जाहिराती आणि ऑडिओबुक, दिवसभर दुसऱ्यांचे श्वास कापत असतो. त्यामुळे जोड दिसतात. दुसऱ्या भागातलं ‘अ डे इन द लाइफ’ घ्या. ते तसं कोणी कधी सलग वाजवलेलंच नाही. वेगवेगळ्या टेकचे तुकडे जोडून नव्वदीत बनवलंय. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’चा पहिला टेक: मूळ फितीवर साथीचे आवाज आहेत, इथे ते गाळलेत, म्हणजे लेनन जास्त एकटा वाटावा. ‘हेल्टर स्केल्टर’ची १८ जुलै १९६८ ची संथ, घोंगावणारी आवृत्ती बारा मिनिटांच्या वर आहे, तिसऱ्या भागात ती पाच मिनिटांच्या आत आणली. अख्खी हवी तर २०१८ चा ‘व्हाइट अल्बम’चा मोठा संच घ्या.

सगळ्यात जीव तुटतो तो १९५८ च्या तबकडीसाठी. लिव्हरपूलमध्ये पर्सी फिलिप्स यांच्या घरगुती स्टुडिओत जॉन, पॉल, जॉर्ज आणि आणखी दोघा पोरांनी साडेसतरा शिलिंग मोजून एकच तबकडी कापून घेतली. पाच जण, तबकडी एक. मग ती आठवडाभर याच्याकडे, आठवडाभर त्याच्याकडे. फिरत फिरत पियानोवाल्या जॉन लोच्या घरी गेली आणि तिथेच राहिली. १९८१ मध्ये पॉलने ती विकत घेतली. तिच्यावर ‘इन स्पाइट ऑफ ऑल द डेंजर’ सव्वातीन मिनिटांच्या पुढे चालतं. पहिल्या भागात मात्र पावणेतीन मिनिटांच्या आसपास आहे. जगात एकुलती एक तबकडी, आणि तिलाही कात्री.

नुसता_श्रोता, शनिवार, दुपारी २:१५

म्हणजे न धुतलेला चेहरा दाखवतो म्हणून मेकअप करून उभे. माझाच मुद्दा झाला की.

खरखर, शनिवार, दुपारी २:४०

अर्धाच. कारण तिसऱ्या भागात ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ आहे. २५ जुलै १९६८, टेक १. जॉर्ज, एक साधी गिटार, आणि शेवटाकडे मागून हळूच येणारी पेटी. आपली पेटी म्हणतो तीच, हार्मोनियम. एक कडवं यात आहे जे रेकॉर्डवर नाही. रेकॉर्डवर एरिक क्लॅप्टनची गिटार रडते. इथे रडायला कोणी नाही आणि तरी ते होतं. याला कोणी फार हात लावलेला नाही. २००६ मध्ये ‘लव्ह’ या अल्बमसाठी बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी याच टेकवर तंतुवाद्यं चढवली. सुंदर चढवली. मी तरी उघडाच ऐकतो.

चोरट्या सीड्यांत मेकअप नसतो म्हणाल, तर तिथे खरखर असते. आमचं नाव उगाच नाही.

तबलजी_ठाणे, शनिवार, संध्याकाळी ६:१०

आज पहिला भाग सलग ऐकला. बायको माहेरी.

‘लव्ह मी डू’, ६ जून १९६२. ड्रमवर रिंगोच्या आधीचा पीट बेस्ट. कडव्यापर्यंत ठीक. मधल्या भागात त्याला एकदम काय होतं कोण जाणे, तो ठेका बदलून उड्या मारायला लागतो. लय हलते. परत मुखड्यावर येताना बाकीचे तिघे अंधारात चपला शोधाव्या तशी लय शोधत येतात. मी हे स्वतः केलेलं आहे, म्हणून सांगतो: त्या क्षणी वाजवणाऱ्याला कळलेलं असतं. हात थंड पडतात आणि आणखी घाई होते.

ऑगस्टमध्ये त्याला काढलं. सप्टेंबरच्या ४ तारखेला तेच गाणं रिंगोबरोबर, आणि ११ तारखेला अँडी व्हाइट नावाच्या बाहेरून बोलावलेल्या ड्रमरबरोबर, रिंगोच्या हातात खंजिरी. तिन्ही ओळीने ऐका. काढलं ते का, याचे लोक शंभर किस्से सांगतात, दिसायला देखणा होता वगैरे. माझ्यापुरता निकाल त्या आठ-दहा सेकंदांत लागतो.

तरी एक वाटतं. एका संध्याकाळी घसरलेला हात तेहतीस वर्षांनी जगभर वाजवायचा म्हणजे जरा क्रूरच.

अनुस्वार, शनिवार, संध्याकाळी ७:००

क्रूर आहे, पण हिशेबही झाला. पहिल्या भागात पीट बेस्ट दहा गाण्यांवर आहे, १ जानेवारी १९६२ च्या डेक्का कंपनीच्या चाचणीतली पाच धरून. म्हणजे काढून टाकल्यावर तीन दशकांनी का होईना, त्याला रॉयल्टी मिळाली.

मुखपृष्ठ नीट बघितलंय का कोणी? चित्रकार क्लाउस फुरमनने जुनी पोस्टरं एकावर एक चिकटवून फाडल्यासारखं केलंय. त्यात सुरुवातीच्या काळातल्या एका फोटोत नेमकं पीट बेस्टचं डोकं फाटलंय आणि मागून रिंगो डोकावतोय. पीट बेस्टने २००८ मध्ये आपला अल्बम काढला आणि मुखपृष्ठावर काय छापलं? तो फाटलेला तुकडा! ‘हा घ्या, राहिला होता.’ याला म्हणतात परतफेड.

माझी जागा राहिलीच. ऋषिकेशहून परतल्यावर, मे १९६८ मध्ये, ही मंडळी जॉर्जच्या लंडनजवळच्या ईशरच्या बंगल्यात बसली आणि घरच्या टेपवर नवी गाणी गिटारवर म्हणून ठेवली. तिसऱ्या भागात त्यातली सात आहेत. टाळ्या, टेबलावर थाप, मधेच कोणाचं तरी फिदीफिदी. पुढे २०१८ मध्ये त्या बैठकीची सत्तावीस बाहेर आली. त्यात लेननचं ‘चाइल्ड ऑफ नेचर’ आहे, थेट ऋषिकेशच्या रस्त्यावरचं. चाल ऐकली आणि मी ताडकन उठून बसले. ते ‘जेलस गाय’ आहे! १९७१ मध्ये त्याने त्याच चालीवर नवे शब्द घातले. डोंगर आणि ऊन जाऊन तिथे माफी आली. आता मूळ ‘जेलस गाय’ ऐकताना मला मागे गंगा दिसते, काही इलाज नाही.

पेन्सिलसेल, शनिवार, रात्री १०:२५

खरखर, तुमच्या प्रतिसादाने झोप उडवली. तीस वर्षं ज्याला उघडं पातेलं समजत होतो त्यालाही कोणी घासून ठेवलं होतं तर. ‘आयल बी बॅक’ तरी सलग आहे ना? का तिथेही जोड आहे?

खरखर, शनिवार, रात्री १०:३१

टेक २ आणि टेक ३, वेगवेगळे, जसेच्या तसे. झोपा.

मावशी_मिलपिटास, शनिवार, रात्री ११:०३

लेननच्या कॅसेटबद्दल कोणीच कसं बोललं नाही? पहिल्या भागाची सुरुवातच तिथून होते. १९९४ च्या जानेवारीत लेननच्या बायकोने, योकोने, पॉलला त्याची घरगुती रेकॉर्डिंग दिली. लेनन जाऊन तेरा वर्षं झालेली. त्यातल्या ‘फ्री ॲज अ बर्ड’वर तिघांनी आपापले आवाज आणि वाद्यं भरली, निर्माता जेफ लिनने ते जमवलं. ‘रिअल लव्ह’ दुसऱ्या भागात. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लेननचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटला, आणि रडू आलं. मुलगा म्हणतो, हे म्हणजे गेलेल्या माणसाकडून ओव्हरटाइम करून घेणं.

माझ्याकडे बाबांच्या आवाजातली एक कॅसेट आहे. मनाचे श्लोक म्हणतायत आणि मागे आईच्या कुकरच्या शिट्ट्या. चार आहेत. मुलगा म्हणतो, आता त्या काढून आवाज स्वच्छ करता येतो. खरखर, येतो का?

खरखर, शनिवार, रात्री ११:४८

येतो, मावशी. तेव्हा येत नव्हता, तीच तर या गाण्यांची गोष्ट आहे. लेननने कॅसेटरेकॉर्डर पियानोजवळ ठेवून रेकॉर्ड केलं. आवाज आणि पियानो एकाच मोनो फितीवर, दूध आणि पाणी. पियानो कमी करायचा म्हटलं की गळा कमी होणार. वर विजेची गुणगुण. अमेरिकेत वीज ६० सायकलची, म्हणजे गुणगुण ६० वर, १२० वर, १८० वर अशी पायऱ्या-पायऱ्यांनी बसते, आणि पियानोचे खालचे सूर त्याच जिन्यात राहतात. चाळणी लावली की दोघंही जातात. शिवाय घरी एकटा गाणारा माणूस लय जराशी ताणतो-सोडतो. त्यावर ड्रम चढवायचे तर आधी ती सरळ करून घ्यावी लागते. ‘नाउ अँड देन’ नावाचं तिसरं गाणं त्यांनी १९९५ मध्ये हाती घेतलं आणि सोडून दिलं. म्हणून तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला नवं गाणं नाही, १९६८ मधला जॉर्ज मार्टिन यांचा वाद्यवृंदाचा छोटा तुकडा आहे. पुढे पीटर जॅक्सनच्या माहितीपटासाठी आवाज सुटे करण्याचं तंत्र तयार झालं, त्यातून लेननचा गळा पियानोपासून अलगद निघाला आणि २ नोव्हेंबर २०२३ ला ते गाणं आलं.

तुमच्या कॅसेटची आधी जशीच्या तशी एक प्रत करून ठेवा. शिट्ट्यांसकट. मग पोराला काय खेळायचं ते खेळू द्या.

मावशी_मिलपिटास, रविवार, पहाटे १२:१०

शिट्ट्या राहणार. तिसरीनंतर बाबा थांबतात आणि आईला ‘गॅस’ म्हणतात. ते जायचं नाही.

नुसता_श्रोता, रविवार, सकाळी ८:००

मावशींच्या प्रतिसादानंतर भांडायला संकोच वाटतो. पण चौथ्या भागाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही: छत्तीस ट्रॅक, त्यातले न ऐकलेले तेरा. उरलेले मोठ्या संचांतून आधीच विकून झालेले. ही खरवडीची खरवड आहे.

आता कबुली. दुसऱ्या भागातला एक ट्रॅक मी वरचेवर ऐकतो. ‘विदिन यू विदाउट यू’, गाण्याविना, नुसती वाद्यं. गळा काढल्यावर दिलरुबा, गजाने वाजवायचं ते तंतुवाद्य, समोर येतो आणि कळतं की चालीचा भार त्याच्यावर होता. खमाज रागाच्या अंगाची चाल आहे. मधे वाद्यं बोलतात तिथे पाच-पाचचं वजन येतं, झपतालासारखं, आणि मग परत सोळाच्या चालीत. मूळ रेकॉर्डवर मी शब्दांकडे लक्ष देत बसायचो, हे कधी ऐकूच आलं नव्हतं.

तबलजी_ठाणे, रविवार, सकाळी ८:२२

स्वागत आहे! चमचा घ्या.

तबला नटवर सोनी यांचा. १५ मार्च १९६७ च्या त्या रेकॉर्डिंगला लंडनमधली भारतीय मंडळी होती: दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तानपुऱ्यावर बुद्धदेव कंसारा. हे गाणं ज्यात आहे त्या ‘सार्जंट पेपर’ अल्बमच्या वेष्टनावर यांतलं एकही नाव नाही. मुखपृष्ठावरच्या गर्दीतल्या पुतळ्यांची यादी सगळ्यांना पाठ, आणि वाजवणाऱ्यांची नावं लोकांसमोर आली २०१७ मध्ये, अल्बमच्या पन्नाशीला.

अनुस्वार, रविवार, सकाळी ८:४०

अण्णा! जोशी! दिलरुबा!! आपलाच माणूस!!!

नुसता_श्रोता, रविवार, सकाळी ८:४४

जोशी गुजरातेत कमी आहेत का? यादीतली बाकीची नावं वाचा आणि शांत व्हा.

फोर्टकर, रविवार, दुपारी १२:३०

वाचनमात्र होतो, पण आपल्या गल्लीचा विषय निघाला म्हणून लिहितो. ‘अँथॉलॉजी’त नाही, २०१८ च्या ‘व्हाइट अल्बम’च्याच संचात आहे: ‘द इनर लाइट’, टेक ६, फक्त वाद्यं. ते मुंबईत झालंय. जानेवारी १९६८, एचएमव्हीचा स्टुडिओ, फोर्टात फिरोजशाह मेहता रोडवर. जॉर्ज ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी आला होता. त्या कामात शिवकुमार शर्मा, आशिष खान अशी माणसं होती. इथे मोनोचंच यंत्र होतं, म्हणून कंपनीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं यंत्र आणून दिलं. फेब्रुवारीत लंडनला जॉर्जने वर शब्द गायले आणि मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आलं.

जॉर्जने पुढे सांगितलंय की संध्याकाळी साडेपाचला रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. कारण ऑफिसं सुटायची आणि जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांची धडधड आत यायची. मी तिथून दोन गल्ल्या सोडून नोकरी करतो. आमचंही साडेपाचलाच सुटतं.

पेन्सिलसेल, रविवार, दुपारी १२:५२

फोर्टकर, धागा तुम्हाला अर्पण. उद्या साडेपाचला जिन्यात उभे राहून मोबाइलवर रेकॉर्ड कराच.

फोर्टकर, सोमवार, संध्याकाळी ६:१५

केलं. वर चढवलंय, पन्नास सेकंदांचं. आमची इमारत जुनी, जिना लाकडी, लिफ्ट बंद, त्यामुळे पावलं भरपूर. विसाव्या सेकंदाला एकाने जोरात शिंकलंय, त्याबद्दल क्षमस्व.

तबलजी_ठाणे, सोमवार, संध्याकाळी ६:४०

सुरुवातीला नुसता गोंधळ, पण पंधराव्या सेकंदापासून ऐका, दोघंतिघं एका लयीत उतरतायत. केरवा!

खरखर, सोमवार, संध्याकाळी ७:०२

छान आलंय. शिंक काढून देऊ का? दोन मिनिटांचं काम.

नुसता_श्रोता, सोमवार, संध्याकाळी ७:०५

हात लावू नका शिंकेला.